रेंडररिक्वेस्ट कास्ट का होत नाही: पोर्टलेट आणि सर्व्हलेट रिक्वेस्टचं नातं

प्रश्न थोडक्यात असा: लाइफरे पोर्टल टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर चालतंय आणि त्यात वॉर (जावा वेब अ‍ॅप्लिकेशनची गुंडाळलेली फाइल) म्हणून डिप्लॉय केलेलं एक पोर्टलेट, म्हणजे पोर्टलच्या पानाचा एक तुकडा बनवणारा घटक, आहे, जे अर्जांची यादी दाखवतं. ई-मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारून लोक त्या पानावर येतात. दुव्याच्या शेवटी 'अर्जआयडी' नावाचा पॅरामीटर असतो, पण तो तुकडा बनवणाऱ्या डूव्ह्यू मेथडमध्ये रेंडररिक्वेस्टकडे, म्हणजे पोर्टलेटच्या हाती येणाऱ्या रिक्वेस्टकडे, तो मागितला की नल मिळतं. कुठल्याशा जुन्या उदाहरणात पाहून रेंडररिक्वेस्ट थेट एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्टमध्ये कास्ट केली, म्हणजे ती त्या प्रकारची आहे असं मानून वापरली, तर क्लासकास्टएक्सेप्शन. त्याच वॉरमध्ये पीडीएफ देणारं एक सर्व्हलेट (ब्राउझरच्या रिक्वेस्टला थेट उत्तर देणारा जावा घटक) आहे. पोर्टलेटनं सेशनमध्ये ठेवलेला अर्ज त्या सर्व्हलेटला दिसत नाही. 'शेवटी सगळं एचटीटीपीच आहे ना, मग या दोन रिक्वेस्टचं एकमेकींशी नातं काय?'

तिन्ही तक्रारी एकाच गैरसमजातून आल्या आहेत, म्हणून आधी तो दूर करू. पोर्टलेट रिक्वेस्ट हा सर्व्हलेट रिक्वेस्टचा उपप्रकार नाही. जावाएक्स.पोर्टलेट पॅकेजमधला पोर्टलेटरिक्वेस्ट हा स्वतंत्र इंटरफेस आहे. तो सर्व्हलेटरिक्वेस्टला एक्स्टेंड करत नाही. गेटपॅरामीटर, गेटअ‍ॅट्रिब्यूट, गेटरिमोटयूजर, इजयूजरइनरोल अशी ओळखीची नावं दोन्हीकडे आहेत, त्यामुळे घोळ होतो. नावं सारखी ठेवली ती सर्व्हलेट लिहिणाऱ्याला सोपं जावं म्हणून, पण त्या नावांमागे मिळणारी उत्तरं पुष्कळदा वेगळी असतात.

मग कास्ट करणारी उदाहरणं आली कुठून? अपाचे प्लूटो या पोर्टलेट कंटेनरच्या (पोर्टलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये पोर्टलेटरिक्वेस्टइम्प्ल हा क्लास एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्टरॅपरलाच एक्स्टेंड करायचा. त्या कंटेनरवर कास्ट निमूट चालायचा आणि लोकांना वाटायचं की हे असंच असतं. तो त्या अंमलबजावणीचा योगायोग होता, स्पेसिफिकेशननं दिलेलं वचन नव्हतं. कंटेनर बदलला की कोड कोसळतो, तुमचा कोसळला तसाच.

आता हे वेगळेपण ठेवलं कशासाठी, ते बघू. पोर्टलेटचं पहिलं स्पेसिफिकेशन, जेएसआर १६८, ऑक्टोबर २००३ मध्ये आलं. सन आणि आयबीएम या दोन कंपन्यांकडे त्याचं नेतृत्व होतं. पोर्टलेट हा नवा घटक मानायचा, त्याला सर्व्हलेट म्हणायचं नाही, हा निर्णय त्यांनी मुद्दाम घेतला आणि कारणंही लिहून ठेवली. पोर्टलेट पूर्ण पान तयार करत नाही, पानाचा एक तुकडा तयार करतं. ते कुठल्याही यूआरएलला थेट बांधलेलं नसतं. एकाच पानावर तेच पोर्टलेट दोनदा, तीनदा ठेवता येतं. आणि पोर्टलेटला ज्या गोष्टी मिळणार नाहीत म्हणून स्पष्ट सांगितलं, त्यांत एक आहे ब्राउझरनं पोर्टलकडे पाठवलेली मूळ यूआरएल. म्हणजे गेटरिक्वेस्टयूआरएल, गेटक्वेरीस्ट्रिंग या मेथड पोर्टलेटरिक्वेस्टमध्ये कुणी विसरून राहिल्या नाहीत. त्या काढून टाकल्या आहेत.

आणखी एक कारण आज फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. त्याच वर्षी ओएसिस संस्थेचं डब्ल्यूएसआरपी हे मानक आलं. त्यात पोर्टलेट एका सर्व्हरवर आणि ते दाखवणारं पोर्टल दुसऱ्याच सर्व्हरवर असू शकत होतं. मध्ये सोप, म्हणजे एक्सएमएलमधले, संदेश. अशा मांडणीत पोर्टलेटच्या सर्व्हरवर जी एचटीटीपी रिक्वेस्ट येते ती ब्राउझरची नसतेच, दुसऱ्या पोर्टलची असते. तिची यूआरएल, तिचे हेडर, तिचा आयपी पत्ता पोर्टलेटला देऊन करायचं काय? डब्ल्यूएसआरपी मागे पडलं, पण त्याची छाप या इंटरफेसवर कायमची राहिली.

वारसा नाही म्हणजे संबंध नाही, असंही नाही. पोर्टलेट रिक्वेस्ट आकाशातून पडत नाही. कंटेनर ती सर्व्हलेट रिक्वेस्टमधूनच बनवतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर डूव्ह्यूमध्ये ब्रेकपॉइंट लावा आणि स्टॅक खालून वर वाचा. सगळ्यात खाली टॉमकॅटचं कनेक्टर. त्यावर फिल्टरची रांग. मग पोर्टलचं मुख्य सर्व्हलेट. मग पानाची मांडणी करणारा पोर्टलचा कोड. त्यानंतर टॉमकॅटच्या अ‍ॅप्लिकेशनडिस्पॅचरची इन्क्लूड मेथड दिसेल: इथे हाक पोर्टलच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमधून निघून तुमच्या वॉरमध्ये शिरते. तुमच्या वॉरमध्ये तिला झेलायला पुन्हा एक सर्व्हलेटच उभं असतं, जे डिप्लॉय होताना वेब.एक्सएमएल या वॉरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये घातलं जातं. प्लूटोमध्ये त्याचं नाव पोर्टलेटसर्व्हलेट आणि पत्ता प्लूटोइन्व्होकर या शब्दानं सुरू होणारा. ते सर्व्हलेट जेनेरिकपोर्टलेटच्या रेंडरला बोलावतं, रेंडर डूडिस्पॅचला, डूडिस्पॅच तुमच्या डूव्ह्यूला. आणि डूव्ह्यूमधून तुम्ही जेएसपी (एचटीएमएल बनवणारं जावा टेम्पलेट) इन्क्लूड केलीत की वर पुन्हा अ‍ॅप्लिकेशनडिस्पॅचर आणि पुन्हा सर्व्हलेट, कारण जेएसपी म्हणजे सर्व्हलेटच. सर्व्हलेट, मग पोर्टलेट, मग पुन्हा सर्व्हलेट असा तो ढीग आहे. नातं काय हे कुणी विचारलं तर मी हा स्टॅकच उघडून दाखवतो.

(टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्टमध्ये क्रॉसकॉन्टेक्स्ट ट्रू करायला का सांगतात, तेही इथेच कळतं. एका वॉरमधून दुसऱ्या वॉरमध्ये इन्क्लूड करायचं तर टॉमकॅटला तशी परवानगी लागते.)

दुसरी बाब संख्येची. सर्व्हलेटच्या दुनियेत ब्राउझरची एक रिक्वेस्ट म्हणजे सर्व्हिस मेथडला एक हाक. पोर्टलमध्ये तसं नाही. समजा पानावर तीन पोर्टलेट आहेत: तुमची यादी, एक शोधपेटी आणि एक सूचनाफलक. कुणी शोधपेटीतला फॉर्म भरून पाठवला. एचटीटीपी रिक्वेस्ट एकच आली. तिच्यातून शोधपेटीसाठी एक अ‍ॅक्शनरिक्वेस्ट तयार होते आणि प्रोसेसअ‍ॅक्शन चालते. त्या अ‍ॅक्शननं एखादा इव्हेंट सोडला असेल आणि तुमची यादी तो ऐकत असेल, तर यादीसाठी एक इव्हेंटरिक्वेस्ट. ही सोय २००८ च्या जेएसआर २८६, म्हणजे पोर्टलेट स्पेसिफिकेशनच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. हे सगळं आटोपल्यावर तिन्ही पोर्टलेटसाठी तीन वेगळ्या रेंडररिक्वेस्ट. म्हणजे एका सर्व्हलेट रिक्वेस्टमधून पाच पोर्टलेट रिक्वेस्ट जन्मल्या. कॅशमुळे यातलं एखादं रेंडर चालणारच नाही असंही होतं, पोर्टलेट.एक्सएमएलमधलं एक्स्पिरेशन-कॅश त्यासाठीच असतं. रेंडर कुठल्या क्रमानं होतील याची हमी नाही, आणि पोर्टल ती समांतर थ्रेडमध्येही चालवू शकतं. 'पहिल्या पोर्टलेटनं ठेवलेलं दुसऱ्यानं उचलायचं' असला कोड, किंवा सर्व्हलेट फिल्टरमध्ये थ्रेडलोकल (एकाच थ्रेडला दिसणारं व्हेरिएबल) भरून पोर्टलेटमध्ये वाचायची युक्ती, म्हणूनच कधी चालते, कधी नाही. टेस्टिंगमध्ये चालते आणि प्रॉडक्शनला दगा देते, असा अनुभव बऱ्याच टीमना येतो.

अ‍ॅक्शन आणि रेंडर या एकाच फेरीतल्या दोन वेगळ्या रिक्वेस्ट आहेत, हे पचायला सगळ्यात जड जातं. अ‍ॅक्शनरिक्वेस्टमधले पॅरामीटर रेंडररिक्वेस्टमध्ये आपोआप येत नाहीत. अ‍ॅक्शनरिस्पॉन्सवर सेटरेंडरपॅरामीटर करून जे द्याल तेवढंच पुढे जातं. अ‍ॅट्रिब्यूटचंही तेच: अ‍ॅक्शनमध्ये सेटअ‍ॅट्रिब्यूट केलेली वस्तू रेंडरमध्ये असेलच असं नाही, कारण मध्ये पोर्टल ब्राउझरला रीडायरेक्ट करू शकतं आणि मग मागची सर्व्हलेट रिक्वेस्ट संपून नवी आलेली असते. जेएसआर २८६ मध्ये अ‍ॅक्शनस्कोप्डरिक्वेस्टअ‍ॅट्रिब्यूट्स नावाचा एक रनटाइम पर्याय आहे, तो चालू केला की कंटेनर ही अ‍ॅट्रिब्यूट जपून ठेवतो. मी शक्यतो तो वापरत नाही. आयडी रेंडर पॅरामीटरमध्ये द्यावा आणि रेंडरमध्ये डेटाबेसमधून वस्तू पुन्हा आणावी, हे सरळ पडतं. पान रिफ्रेश केलं तरी चालतं आणि बॅक बटणालाही घाबरावं लागत नाही.

आता तुमचा नल येणारा पॅरामीटर. सोसायटीच्या गेटवर आलेलं टपाल वॉचमन पाकिटावरचा फ्लॅट नंबर बघून वाटतो. दुसऱ्याचं पाकीट तुमच्या दारात येत नाही आणि नंबर नसलेलं पाकीट गेटवरच पडून राहतं. पोर्टल पॅरामीटरशी असंच वागतं. लाइफरेनं तयार केलेली कुठलीही पोर्टलेट यूआरएल नीट बघा. पी_पी_आयडी म्हणजे कुठलं पोर्टलेट, पी_पी_लाइफसायकल ० असेल तर रेंडर, १ असेल तर अ‍ॅक्शन, २ असेल तर रिसोर्स. पी_पी_स्टेट आणि पी_पी_मोड म्हणजे विंडोची अवस्था आणि मोड. त्यानंतर तुमचे पॅरामीटर, आणि प्रत्येकाच्या नावापुढे अंडरस्कोअर, पोर्टलेटचा आयडी, पुन्हा अंडरस्कोअर असा उपसर्ग. हा नेमस्पेस पाहून लाइफरे ठरवतं की हे कुणाचं, आणि उपसर्ग काढून उरलेलं नाव तुमच्या पोर्टलेटरिक्वेस्टमध्ये घालतं. तुमच्या ई-मेलमधल्या दुव्यात नुसतंच 'अर्जआयडी' आहे. तो कुणाचाच नाही, म्हणून तो पोर्टलच्या सर्व्हलेट रिक्वेस्टपाशीच राहतो.

यावर वाटा अनेक आहेत आणि सगळ्या सारख्या चांगल्या नाहीत.

ई-मेल तुमचाच कोड पाठवत असेल तर दुवाच नीट बनवा. लाइफरेच्या पोर्टलेटयूआरएल फॅक्टरीनं बनवलेल्या रेंडर यूआरएलमध्ये उपसर्ग आपोआप लागतो. ती लांबलचक दिसते, ई-मेलमध्ये वाईट दिसते अशी तक्रार असेल तर फ्रेंडली यूआरएलचा मार्ग लिहा. मग पत्ता आटोपशीर राहतो आणि पॅरामीटर तरीही योग्य पोर्टलेटला पोचतो. माझी पहिली पसंती हीच.

पॅरामीटर पानावरच्या अनेक पोर्टलेटना हवा असेल, यादीलाही आणि तपशिलालाही, तर जेएसआर २८६ मधले पब्लिक रेंडर पॅरामीटर वापरा. ते पोर्टलेट.एक्सएमएलमध्ये जाहीर करावे लागतात आणि ज्या पोर्टलेटनं जाहीर केले त्या सगळ्यांना मिळतात.

दुवा बाहेरची एखादी सिस्टिम बनवते आणि ती बदलणं तुमच्या हातात नाही, असं असेल तर दोन गोष्टी उरतात. एक, लाइफरे-पोर्टलेट.एक्सएमएलमध्ये रिक्वायर्स-नेमस्पेस्ड-पॅरामीटर्स फॉल्स करा, लाइफरे ६.२ पासून ते मुळात ट्रू असतं. फॉल्स केलं की उपसर्ग नसलेलेही पॅरामीटर तुमच्या पोर्टलेटला मिळू लागतात, पण मग पानावरच्या दुसऱ्या कुणाचा 'आयडी' किंवा 'पेज' तुमच्याकडे घुसण्याची पाळी येऊ शकते. दोन, खालची सर्व्हलेट रिक्वेस्ट उकरून काढा. तुम्हाला कास्ट करून जे हवं होतं त्याचा रीतसर मार्ग हा: पोर्टलयूटिलची गेटएचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट मेथड रेंडररिक्वेस्ट घेऊन सर्व्हलेट रिक्वेस्ट देते. इथेच बरेच जण थांबतात आणि पुन्हा नल आलं म्हणून वैतागतात. कारण ही जी रिक्वेस्ट मिळते ती तुमच्या पोर्टलेटसाठी आधीच गुंडाळलेली असते, पॅरामीटर गाळलेलेच असतात. ती पुढे गेटओरिजिनलसर्व्हलेटरिक्वेस्टला द्यावी लागते. ती मेथड रॅपर एकेक करून सोलत तळाशी जाते. तळाच्या रिक्वेस्टकडे 'अर्जआयडी' मागा, मिळेल.

हा उद्योग करायचाच असेल तर एका छोट्या क्लासमध्ये करा, त्याला 'अर्जआयडी शोधा' इतकंच काम द्या आणि बाकीच्या कोडला सर्व्हलेट रिक्वेस्टचं तोंडही दाखवू नका. एकदा ती रिक्वेस्ट सर्व्हिस लेयरपर्यंत फिरू लागली की पोर्टलेट दुसऱ्या कंटेनरवर नेणं तर सोडाच, युनिट टेस्ट लिहिणंही अवघड होतं. पोस्ट रिक्वेस्टच्या बाबतीत तळाच्या रिक्वेस्टची बॉडी पुन्हा वाचायला जाऊ नका. ती स्ट्रीम पोर्टलनं एव्हाना वाचून संपवलेली असते. आणि दुव्यातून आलेला अर्जआयडी हा कुणीही बदलून पाठवू शकतं. अर्ज त्या लॉगिन केलेल्या माणसाचाच आहे का, हे तपासल्याशिवाय दाखवू नका.

हाच सगळा विचार हेडर आणि आयपी पत्त्यालाही लागू आहे. पोर्टलेटरिक्वेस्टमध्ये गेटहेडर नाही, गेटप्रॉपर्टी आहे, आणि तिच्यातून हेडर मिळतीलच अशी खात्री स्पेसिफिकेशन देत नाही. भाषा हवी तर गेटलोकेल वापरा, अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज हेडर वाचू नका. कुकीसाठी जेएसआर २८६ पासून गेटकुकीज आहे. गेटरिमोटअ‍ॅड्रेस नाहीच. ऑडिटसाठी आयपी लागतो म्हणून लोक सर्व्हलेट रिक्वेस्ट उकरतात, आणि पुढे लोड बॅलन्सर असल्यानं सगळ्या नोंदींत त्याचाच पत्ता पडतो. ते काम पोर्टलच्या दारातल्या फिल्टरचं किंवा अ‍ॅक्सेस लॉगचं आहे, पोर्टलेटचं नाही.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे पोर्टलेटमधून जेएसपीकडे जाणं, लोक गृहीत धरतात, पण फसवणूक तिथेही आहे. पोर्टलेटकॉन्टेक्स्टकडून पोर्टलेटरिक्वेस्टडिस्पॅचर घेऊन तुम्ही जेएसपी इन्क्लूड करता. जेएसपीला सर्व्हलेट रिक्वेस्ट लागते, म्हणून कंटेनर तुमची रेंडररिक्वेस्ट एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्टच्या रूपात तिच्यासमोर उभी करतो. पोर्टलेटच्या टॅग लायब्ररीतला डिफाइनऑब्जेक्ट्स हा टॅग टाकलात की एकाच जेएसपीत दोन व्हेरिएबल शेजारीशेजारी असतात: जेएसपीची स्वतःची 'रिक्वेस्ट' आणि पोर्टलेटची 'रेंडररिक्वेस्ट'. अ‍ॅट्रिब्यूट दोन्हींत एकच. डूव्ह्यूमध्ये ठेवलेली यादी जेएसपीत मिळते ती याच सोयीमुळे. पॅरामीटरही पोर्टलेट रिक्वेस्टचेच.

पण 'रिक्वेस्ट'कडे गेटमेथड मागा: ब्राउझरनं पोस्ट केलेलं असलं तरी रेंडरमध्ये उत्तर नेहमी 'गेट'. गेटरिक्वेस्टयूआरआय मागा: ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता येत नाही, डिस्पॅचर ज्या मार्गासाठी घेतला तो, म्हणजे तुमच्या जेएसपीचा मार्ग येतो. गेटरिक्वेस्टयूआरएल आणि गेटरिमोटअ‍ॅड्रेस नल देतात. इनपुटस्ट्रीमही नलच. रिस्पॉन्सची तीच कथा: जेएसपीतून सेंडरीडायरेक्ट, सेंडएरर, सेटहेडर केलंत तर काहीही होत नाही. एक्सेप्शन नाही, लॉग नाही, काही नाही. हाक मुकाट्यानं गिळली जाते. तुकडा लिहिणाऱ्यानं पूर्ण पानाचे हेडर बदलू नयेत म्हणून हे असं आहे, आणि ते योग्यच आहे. तरी निदान लॉगमध्ये एक ओळ पडायला हवी होती असं मला आजही वाटतं.

इन्क्लूड केलेल्या सर्व्हलेटला मागे वळून पोर्टलेटकडे पाहायचं असेल तर तीही सोय आहे. कंटेनर त्याच्या रिक्वेस्टमध्ये जावाएक्स.पोर्टलेट.रिक्वेस्ट, जावाएक्स.पोर्टलेट.रिस्पॉन्स आणि जावाएक्स.पोर्टलेट.कॉन्फिग अशी तीन अ‍ॅट्रिब्यूट ठेवतो. सर्व्हलेट रिक्वेस्टमधून पोर्टलेट रिक्वेस्टकडे जाण्याचा हा मार्ग प्रमाणित आहे, सगळ्या कंटेनरवर चालतो. उलटा, पोर्टलेटकडून तळाच्या सर्व्हलेट रिक्वेस्टकडे जाण्याचा प्रमाणित मार्ग मात्र नाही. तिथे प्रत्येक कंटेनरचा आपापला क्लास वापरावा लागतो. दार एकाच बाजूनं उघडतं, ही मुद्दाम केलेली रचना आहे.

या सोयीचा सगळ्यात चतुर वापर स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कनं केला होता. स्प्रिंग २.० मध्ये पोर्टलेट एमव्हीसी आलं तेव्हा अडचण अशी की स्प्रिंगच्या व्ह्यू इंटरफेसची रेंडर मेथड एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट घेते, आणि डिस्पॅचरपोर्टलेटच्या हातात असते पोर्टलेट रिक्वेस्ट. सगळे व्ह्यू पुन्हा लिहिण्याऐवजी त्यांनी व्ह्यूरेंडररसर्व्हलेट नावाचं एक सर्व्हलेट दिलं. डिस्पॅचरपोर्टलेट मॉडेल आणि व्ह्यू अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवून त्या सर्व्हलेटला इन्क्लूड करतो. इन्क्लूड झालं की हातात आपसूक सर्व्हलेट रिक्वेस्ट येते आणि नेहमीचे व्ह्यू चालतात. जुन्या प्रोजेक्टच्या वेब.एक्सएमएलमध्ये वेब-इन्फ, सर्व्हलेट, व्ह्यू अशा मार्गाचं मॅपिंग सापडलं आणि 'हे कोण वापरतंय' म्हणून काढून टाकावंसं वाटलं, तर काढू नका. २०१७ च्या स्प्रिंग ५ मधून पोर्टलेटचा आधार काढला गेला, पण ४.३ आवृत्ती वापरणारे जुने प्रोजेक्ट अजून देखभालीत असू शकतात.

फिल्टरबद्दल थोडक्यात: तुमच्या वॉरमधला सर्व्हलेट फिल्टर नेहमीच्या मॅपिंगनं पोर्टलेटसाठी चालत नाही, कारण हाक बाहेरून रिक्वेस्ट म्हणून येत नाही, आतून इन्क्लूड म्हणून येते. पोर्टलेटचे स्वतःचे फिल्टर जेएसआर २८६ पासून आहेत, अ‍ॅक्शन, रेंडर, इव्हेंट आणि रिसोर्स यांसाठी वेगवेगळे. फाइल अपलोडसाठी अ‍ॅक्शनरिक्वेस्टवर गेटपोर्टलेटइनपुटस्ट्रीम आहे. कॉमन्स फाइलअपलोड वापरत असाल तर सर्व्हलेटफाइलअपलोड नाही, पोर्टलेटफाइलअपलोड हा क्लास घ्या.

आता सेशन. पोर्टलेटसेशनच्या खाली एचटीटीपीसेशनच असतो, तुमच्या वॉरचा. पण पोर्टलेटसेशनला दोन कप्पे आहेत: अ‍ॅप्लिकेशन स्कोप आणि पोर्टलेट स्कोप. सेटअ‍ॅट्रिब्यूटला तिसरा आर्ग्युमेंट दिला नाही तर वस्तू पोर्टलेट स्कोपमध्ये जाते. ती खालच्या एचटीटीपीसेशनमध्ये असतेच, फक्त नाव वेगळं: जावाएक्स.पोर्टलेट.पी, मग टिंब, मग पोर्टलेट विंडोचा आयडी, मग प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे तुम्ही दिलेलं नाव. तुमचं सर्व्हलेट नुसतं 'अर्ज' शोधतंय, त्याला कुठून सापडणार? सर्व्हलेटमध्ये गेटअ‍ॅट्रिब्यूटनेम्स फिरवून सगळी नावं छापा, तुमचा अर्ज त्या लांब नावाखाली बसलेला दिसेल. दोघांना दिसायला हवं असेल तर ठेवताना अ‍ॅप्लिकेशन स्कोप द्या.

नावं छापल्यावर सेशन रिकामाच दिसला तर दुखणं वेगळं आहे. पोर्टलेट आणि सर्व्हलेट दोन्हीकडे सेशन आयडी छापून बघा. पोर्टलेटला हाक क्रॉस कॉन्टेक्स्ट इन्क्लूडमधून येते आणि टॉमकॅट तुमच्या वॉरमध्ये जो सेशन बनवतो त्याला पोर्टलच्याच सेशनचा आयडी देतो. सर्व्हलेटला मात्र ब्राउझर थेट हाक मारतो. ब्राउझरकडे असलेली जेसेशनआयडी कुकी पोर्टलच्या पाथची. पोर्टल मुळाशी, म्हणजे रूट कॉन्टेक्स्टवर असेल, लाइफरेचं सहसा असतं, तर कुकीचा पाथ नुसता स्लॅश असतो, ती तुमच्या सर्व्हलेटकडेही जाते आणि सेशन जुळतो. पोर्टल 'स्लॅश पोर्टल' अशा पाथवर बसवलेलं असेल तर कुकी सर्व्हलेटकडे जातच नाही आणि टॉमकॅट नवा कोरा सेशन देतो. टॉमकॅट ७ पासून कॉन्टेक्स्टमध्ये सेशनकुकीपाथला स्लॅश दिला की हे सुटतं, त्याआधीच्या ५.५ आणि ६ मध्ये कनेक्टरवर एम्प्टीसेशनपाथ ट्रू करायचे.

पण तुमच्या बाबतीत मी यातलं काहीच करणार नाही. पीडीएफसाठी वेगळं सर्व्हलेट ठेवण्याचं कारण जेएसआर १६८ च्या काळात होतं, कारण तेव्हा पोर्टलेटला फक्त तुकडाच देता यायचा, बायनरी फाइल देता यायची नाही. जेएसआर २८६ नं सर्व्हरिसोर्स दिलं आणि ते कारण संपलं. रिसोर्सरिक्वेस्ट ही पोर्टलेट रिक्वेस्टच असते, पण रिस्पॉन्स जवळजवळ सर्व्हलेटसारखा मोकळा असतो: कंटेंट टाइप, हेडर, आउटपुटस्ट्रीम सगळं तुमच्या हातात, भोवती पोर्टलचं पान गुंडाळलं जात नाही. पोर्टलमधलं लॉगिन तिथे लागू असतं, गेटरिमोटयूजर खरं नाव देतं; थेट सर्व्हलेटमध्ये तिथे नल येण्याची शक्यताच जास्त. रिसोर्समधून रेंडर पॅरामीटर किंवा मोड बदलता येत नाहीत, पण पीडीएफला त्यांची गरजही नाही. पोर्टलमधून जाताना फेरी थोडी जड होते हे खरं, पण अर्जाच्या पीडीएफला ते कळणारही नाही.

शिवाय अर्जाचा ऑब्जेक्ट सेशनमध्ये ठेवणंच मला खटकतं. कुणी दोन टॅबमध्ये दोन अर्ज उघडले की दुसरा अर्ज पहिल्यावर लिहिला जातो, आणि पहिल्या टॅबमधून पीडीएफ मागितली तर भलत्याच अर्जाची मिळते. यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी रिसोर्स यूआरएल बनवा, तिच्यात अर्जआयडी पॅरामीटर घाला, सर्व्हरिसोर्समध्ये तो वाचा, अर्ज त्या यूजरचा आहे का ते तपासा आणि पीडीएफ स्ट्रीम करा. ते सर्व्हलेट आणि त्याचं मॅपिंग वेब.एक्सएमएलमधून काढून टाकता येईल. फक्त काढण्याआधी अ‍ॅक्सेस लॉगमध्ये त्याचा पत्ता शोधा, जुन्या ई-मेलमधून कुणी थेट त्यावर येत असेल तर तेवढ्यापुरता पोर्टलच्या पानाकडे रीडायरेक्ट ठेवावा लागेल.